देवरावजींची दंडार

लोककला मंडळासाठी प्रायोजक शोधायचं काम अश्लेषा लांजेवारकडे आलं ते एका गैरसमजातून. कामठीहून येणारी बस रखडली, बैठक सुरू झाल्यावर ती वर्गात पोचली आणि उशिराबद्दल माफी मागायला तिने दारातूनच हात वर केला. नेमकं त्याच वेळी मंडळाचा अध्यक्ष दुर्गेश विचारत होता, स्पॉन्सरचं काम कोण घेतं? हात फक्त तिचाच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी हे कळेपर्यंत बैठक संपली होती.

"मले काही येत नाही त्यातलं," ती दुर्गेशला म्हणाली.

"कोणालेच येत नाही. म्हणून तर तू."

हे उत्तर तिला बरोबर वाटलं की चूक, हेही तिला ठरवता आलं नाही.

कॉलेजात नाचाचं, फोटोग्राफीचं, रोबोटचं अशी बरीच मंडळं होती. त्यांच्या कार्यक्रमांना शिकवणीवाले, मोबाईलवाले, पिझ्झावाले पैसे देत आणि स्टेजच्या मागे आपले फलक लावत. लोककला मंडळाच्या वाटेला कोणी जात नसे. यंदा त्यांनी दंडार बसवायला घेतली होती. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या मुलखात दिवाळीनंतर गावोगाव होणारं हे नाचगाण्याचं नाटक. त्यात बायांची कामंही पुरुषच करतात. दुर्गेश साकोलीजवळचा. त्याच्या मामाच्या गावची दंडार त्याने लहानपणापासून पाहिली होती आणि लुगडं नेसून नाचणारी नायिका तोच होणार होता. ढोलकीवाले, पेटीवाले गावाकडून आणायचे होते. लुगडी, दागिने, माइक भाड्याने घ्यायचे होते. कॉलेज सभागृह तेवढं देणार होतं.

अश्लेषा पहिल्यांदा विमानतळाजवळच्या मिहान उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत गेली. तिथे मिनल नावाची, तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असलेली मुलगी तिच्याशी फार गोड बोलली. फूटफॉल किती, टार्गेट ऑडियन्स कोण, डेक तयार आहे का, असं तिने विचारलं. अश्लेषा प्रत्येक प्रश्नाला मान हलवत राहिली. परत आल्यावर तिने दुर्गेशला विचारलं, तर तो म्हणाला, "डेक म्हणजे गाणे वाजवायचा असन. सांग, आमच्याकडे ढोलकी आहे म्हणून."

मंडळाच्या मार्गदर्शक उत्तरा मॅडमनी डेक म्हणजे कार्यक्रमाची माहिती मांडणाऱ्या स्लाइड असं सांगितलं, अश्लेषा आणि दुर्गेशने मिळून तो केला, पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. त्यात आभार होते, शुभेच्छा होत्या, भविष्यात सोबत काम करण्याची इच्छा होती. अश्लेषाने ते तीनदा वाचलं आणि मॅडमना विचारलं, "हे हो म्हणतात की नाही?"

"नाही म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "अगं, दंडार म्हणजे काय हे ज्याला आधी समजावून सांगावं लागतं, तो पैसे कशाला देईल? ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जा. कळमन्याच्या घाऊक बाजारात त्या भागातून येऊन मोठे झालेले कितीतरी अडते आहेत."

म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी अश्लेषा आणि दुर्गेश कळमना बाजारात गेले. मिरचीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. शेडमध्ये लाल मिरचीचे ढीगच्या ढीग पडले होते, हमाल पोती ओतत होते आणि हवेत असा ठसका होता की दुर्गेशला एकामागून एक शिंका सुरू झाल्या. तो डोळे पुसत बाहेर पळाला तो परत आलाच नाही. अश्लेषाने ओढणी नाकाला लावली. तिथल्या प्रत्येकाने तोंडाला दुपट्टा बांधलेला होता. डोळ्यांखेरीज कोणाचं काहीच दिसत नव्हतं. एका गाळ्यावर 'देवराव कवडूजी भोयर, मिरचीचे अडते' अशी पाटी दिसली. भोयर आडनाव दुर्गेशच्या गावाकडे बरंच आहे, एवढ्या आधारावर ती आत गेली.

गादीवर बसलेल्या माणसाने तिचं बोलणं अर्ध्यातच थांबवलं. "कॉलेजवाले येतेत, गणपतीवाले येतेत, क्रिकेटवाले येतेत. आम्ही कोणालेच देत नाही, बेटा. कार्यक्रम कशाचा आहे?"

"दंडारीचा," ती म्हणाली.

त्याने दुपट्टा जरासा खाली ओढला. "दंडार? अन् ते कॉलेजात? लुगडं नेसून नाचणारा पोट्टा आहे काय तुमच्यात?"

"आहे. तो बाहेर शिंकून राहिला."

"माझे बाबा नाचत होते," तो म्हणाला. "देवरावजी. या पाटीवरचे. बाईचं काम करत. पायात चाळ, नाकात नथ, डोक्यावर पदर. मायबाप, लोकं रडत त्यायचं काम पाहून. मले त्यायनं स्वतः सांगितलं, मी एवढासा होतो तेव्हा." त्याने दुपट्टा परत वर घेतला. "देतो मी. सगळा खर्च देतो. फक्त बाबाचं नाव मोठं टाका. मी मनोहरराव, मोठा मुलगा. माझं नाव नाही टाकलं तरी चालन. चार दिवसानं ये, चेक घेऊन जा."

बाहेर आल्यावर अश्लेषाने दुर्गेशला सगळं सांगितलं. इतक्या सहज कोणी हो म्हणेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं, त्यामुळे आनंद व्हायच्या आधी त्यांना जरा भीतीच वाटली. संध्याकाळी मनोहररावांनी तिच्या मोबाईलवर वडिलांचा फोटो पाठवला: पांढरी टोपी, बारीक मिशा, समोर तराजू.

चार दिवसांनी ती एकटीच गेली. त्या दिवशी लिलाव जोरात होता आणि ठसका पहिल्यापेक्षा वाईट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेडची रांग तीच, पोती तीच, पाटीवर 'देवराव कवडूजी भोयर' हेच नाव. ती आत गेली. गादीवर दुपट्टा बांधलेला माणूस बसला होता. ती म्हणाली, "काका, मी अश्लेषा. दंडारवाली. तुम्ही या म्हटलं होतं."

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ढोलकी आहे न तुमच्या दंडारीत? खरी ढोलकी, का मोबाईलवर वाजवता?"

"खरी आहे. साकोलीकडून वाजवणारे येणार आहेत."

"मग ठीक आहे. ढोलकीशिवाय दंडार नाही." त्याने खणातून चेकबुक काढलं आणि काही न विचारता चेक लिहून दिला. "बाबाचं नाव टाकसान न?"

"हो. मोठं टाकणार आहोत."

"हाव. टाका."

बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं, आज काका बदलल्यासारखे होते. त्या दिवशी नाचाबद्दल बोलत होते, आज ढोलकीबद्दल. पण मोठी माणसं अशीच असतात, आपल्या वडिलांचंही आज एक आणि उद्या दुसरं असतंच, असं म्हणून तिने तो विचार सोडून दिला. चेकवर दुकानाचंच नाव होतं, तो वटला. दुर्गेशने वाद्यवाल्यांना आणि माइकवाल्याला आगाऊ रक्कम देऊन टाकली.

त्याच आठवड्यात मनोहररावांचा फोन आला. "काय गं पोरी, आली नाहीस. मी चेक लिहून ठेवला आहे. नको आहे काय?"

अश्लेषा कॉलेजच्या कँटीनमध्ये होती. हातातला समोसा तिने बशीत ठेवला. "काका, मी तर घेऊन गेली. तुम्हीच दिला."

"मी कधी दिला?"

"मंगळवारी. तुमच्या दुकानात. तुम्ही ढोलकीचं विचारलं."

पलीकडे लिलावाचा आवाज येत होता, कोणीतरी जोरात शिंकलं. मग मनोहरराव हळू आवाजात म्हणाले, "ढोलकीचं. हाव. तू समोरच्या गाळ्यात गेली होती. ते दुकान माझ्या भावाचं आहे. रुपरावचं." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुर्गेशला हे सांगताना तिला स्वतःलाच ते नीट समजत नव्हतं. एकाच नावाची दोन दुकानं समोरासमोर. बाप एक. दुपट्ट्यामुळे चेहरे सारखे, भाऊ असल्यामुळे आवाजही सारखे. पण ज्याला तिने कधी काही मागितलंच नव्हतं, त्याने न विचारता पैसे काहून द्यावे? आणि ज्याने आनंदाने हो म्हटलं होतं, तो फोन आपटून का गेला?

"परत करून टाकू," ती म्हणाली.

"कशातून करू? ते तर ढोलकीवाल्यांच्या खिशात गेले."

उत्तरा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्या हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "चूक तुझी आहे, पण लबाडी तुझी नाही. हे दोघांनाही समोर जाऊन सांग. फोनवर नको."

ती आधी रुपरावांकडे गेली. लिलाव आटोपला होता, त्यांचा दुपट्टा गळ्यात होता. आता नीट पाहिल्यावर ते मनोहररावांपेक्षा बारीक आणि काळे दिसत होते. दोघांत कोणी गोंधळ करावा असं साम्य काही नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला. तिने सांगितलं की ती चुकून त्यांच्या दुकानात शिरली होती.

"मले माहीत होतं," रुपराव म्हणाले.

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी तू तिकडे गेली ते दिसलं होतं मले. समोरच तर आहे. तुमचा तो पोट्टा माझ्याच पोत्यावर बसून शिंकून राहिला होता. त्यानंच सांगितलं, दंडारीसाठी आलो म्हणून."

"मग तुम्ही त्या दिवशी काहून नाही सांगितलं मले?"

ते टेबलावर सांडलेली एक मिरची उचलून बोटांत फिरवत राहिले. "तू देवरावजींच्या दुकानात आली होती. हे देवरावजींचं दुकान नाही काय? तो मोठा आहे म्हणून बाप त्याचा एकट्याचा झाला? अन् तो काय सांगत असन तुले, हे मले माहीत आहे. बाबा लुगडं नेसून नाचत होते म्हणून. बरोबर?"

अश्लेषाने मान हलवली.

"बाबा ढोलकी वाजवत. मले मांडीवर घेऊन, माझ्या पाठीवर ताल धरून सांगत, कोणत्या गावी काय वाजवलं ते. नाचले कधीच नाही. पैसे परत नको. बाबाच्या नावापुढे 'नामवंत ढोलकीवादक' एवढं लिहा, झालं."

तिथून रस्ता ओलांडून ती मनोहररावांकडे आली. तिला वाटलं होतं ते चिडतील. पण त्यांनी चहा मागवला, आणि ती सगळं बोलून संपेपर्यंत एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं काय सांगितलं, बाबा काय करत?"

"ढोलकी वाजवत होते म्हणाले."

"ढोलकी." मनोहररावांनी कप खाली ठेवला. "अवं, आरतीले टाळी वाजवतानी बाबाचा ताल चुकत होता. आई हसत होती. ढोलकी कुठची? बाबा नाचत होते. नामवंत नर्तक. तसंच लिहा."

मग ते थोडा वेळ दुकानाबाहेर पाहत राहिले. बापाने दोघांसाठी गाळे घेऊन ठेवले होते, असं त्यांनी सांगितलं. वडील गेल्यावर गिऱ्हाईक कोणी कोणाचं पळवलं यावरून बोलणं बंद झालं. आता कारणही नीट आठवत नाही, पण बोलणं काही सुरू झालं नाही. "त्याचे पैसे परत कर अन् माझे घे," ते म्हणाले.

अश्लेषाने खरं ते सांगितलं: पैसे खर्च झाले होते. आणि मग, आपण काय बोलतो आहोत याचा पुरता विचार न करता ती म्हणाली, "काका, त्यांचे पैसे ढोलकीवाल्यांना गेले. लुगडी अन् दागिने अजून आणायचे आहेत. ते तुमच्याकडून घेतले तर?"

मनोहररावांनी मान वर केली. "म्हणजे नाच माझा."

"हो."

"अन् ढोलकी त्याची."

"हो, काका."

"हे बरं आहे," ते म्हणाले, पण बरं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच दिसलं नाही.

रात्रीतून दोघांचेही निरोप आले. एकाने लिहिलं होतं, दंडारीतील नामवंत नर्तक कै. देवराव कवडूजी भोयर. दुसऱ्याने लिहिलं होतं, दंडारीतील नामवंत ढोलकीवादक कै. देवराव कवडूजी भोयर. फोटो दोघांनी तोच पाठवला होता. फलक छापणारा संध्याकाळपर्यंत मजकूर मागत होता. दुर्गेश म्हणाला, दोन्ही लिहू, मोकळे होऊ. कार्यक्रमात कोण तपासायला येतं?

"आणि दोन्ही खोटं असलं तर?" उत्तरा मॅडम म्हणाल्या. "कॉलेजच्या नावाने छापतो आहोत आपण. जे ठाऊक आहे तेवढंच लिहा."

अश्लेषाला ठाऊक काय होतं? देवरावजी नावाचा एक माणूस होता, त्याला दोन मुलं होती आणि मिरचीचं दुकान होतं. एवढंच. ते नाचले की त्यांनी वाजवलं, हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं: त्यांची बायको भागीरथाबाई, ज्या मनोहररावांकडे राहत. तिने फोन करून विचारलं, आजींना विचारता येईल का? मनोहरराव म्हणाले, "आई त्या विषयावर बोलत नाही. आम्ही लाख वेळा विचारलं. पण कार्यक्रमाले आणतो तिले. दंडार म्हटल्याबरोबर येतो म्हणाली."

शेवटी फलकावर 'कै. देवराव कवडूजी भोयर यांच्या स्मरणार्थ' एवढंच छापलं. तो पाहून दोन्ही भाऊ नाराज झाले. सारखेच नाराज झाले, हेच त्यातल्या त्यात बरं, असं मॅडम म्हणाल्या.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. सभागृह अर्धं भरेल असं वाटलं होतं, ते पूर्ण भरलं. मागे भिंतीला टेकून मुलं उभी होती. पाहुण्यांसाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवायचं काम दुर्गेशने ज्याला सांगितलं, त्याला भांडणाचं काही ठाऊक नव्हतं. त्याने भोयर कुटुंब म्हणून तीन खुर्च्या लागून ठेवल्या. मनोहरराव आईला घेऊन आले आणि बसले. थोड्या वेळाने रुपराव आले, आपली खुर्ची पाहिली, मागे वळून दुसरी रिकामी आहे का पाहिलं, आणि नाइलाजाने आईच्या दुसऱ्या बाजूला बसले. अश्लेषा विंगेतून पाहत होती.

भागीरथाबाई लहानखुऱ्या होत्या, हिरव्या नऊवारीत, स्वेटर घातलेल्या. दोन्ही मुलं सरळ समोर पाहत होती.

"त्याले विचार, दुकान कोणावर टाकून आला," मनोहरराव आईला म्हणाले.

"त्याले सांग, दिवाणजीवर," रुपराव आईला म्हणाले.

आईने कोणालाच काही सांगितलं नाही. तिचं लक्ष पडद्याकडे होतं.

दंडार सुरू झाली. दुर्गेश जांभळं लुगडं नेसून आला तेव्हा मुलांनी शिट्या मारल्या, पण पहिल्या गाण्यानंतर शिट्या थांबल्या. तो खरंच चांगला नाचत होता. कॉलेजात फिरणारा, कशालाही हसणारा दुर्गेश तो नव्हताच. ती दुसरीच कोणी होती, नवऱ्याची वाट पाहणारी. मनोहरराव पुढे झुकून बसले होते आणि त्यांच्या गालावरून पाणी येत होतं. मग एका प्रसंगात ढोलकी एकटीच वाजू लागली, वाढत वाढत गेली, आणि रुपरावांचा हात मांडीवर ताल धरू लागला. तो ताल अगदी बरोबर होता. अश्लेषाला ते दिसलं आणि तिच्या मनात आलं, म्हणजे रुपरावच खरे. पण लगेच तिला मनोहररावांचा ओला चेहरा दिसला आणि तेही खरे वाटले. भागीरथाबाई मात्र रडत नव्हत्या की ताल धरत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येक संवाद पात्राच्या जरासा आधी त्यांच्या ओठांवर येत होता.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम दोन्ही भावांना सत्कारासाठी स्टेजवर घेऊन गेल्या. भागीरथाबाई खालीच बसून राहिल्या, पायऱ्या चढवत नाहीत म्हणाल्या. अश्लेषा त्यांच्याजवळ पाणी घेऊन गेली.

"तूच काय वं ती? दोघांकडूनही पैसे आणणारी?"

"चुकून आणले, आजी."

"बरं केलं. बस इथे."

ती त्यांच्या शेजारी बसली. विचारू की नको असं तिला झालं होतं, पण आता विचारलं नाही तर कधीच कळणार नव्हतं. "आजी, देवरावजी दंडारीत नक्की काय करत होते?"

भागीरथाबाई स्टेजकडे पाहत होत्या. वर मॅडम मनोहररावांच्या हातात नारळ देत होत्या. "काही नाही करत होते," त्या म्हणाल्या. "त्यायनं दंडार पाहिलीच नाही."

"पाहिलीच नाही?"

"गावात दंडार असली का धान राखाले कोणीतरी लागे. डुकरं येत वावरात. सगळे दंडारीले जात, हे राखणीले जात. त्यायच्या भावायनं तसं ठरवून टाकलं होतं, अन् हे कोणाले नाही म्हणत नव्हते. मी जात होतो सासूसंगं. सकाळी ते आले का मी सगळं सांगो. कोण कसा नाचला, ढोलकी कशी वाजली, कोण काय बोललं. ते भाकर खात खात ऐकत. पुन्हा सांग म्हणत. मग मी पुन्हा सांगो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पुढे पोरं झाले. पोरांले सांगतानी त्यायनं स्वतःले मधात घालून घेतलं. मोठ्याले नाच आवडे, त्याले नाचाचं सांगत. लहाना डबे बडवत राहे, त्याले ढोलकीचं."

"मग तुम्ही मुलांना हे सांगितलं नाही?"

"काय सांगू? बाप डुकरं हाकलत होता म्हणून?" त्या थांबल्या. कपाळावर आठी पडली. "अन् खरं सांगू काय, मलेही पक्कं माहीत नाही. लग्नाच्या आधीचं मले काय माहीत? मी पंधरा-सोळाची आली त्यायच्या घरी. एखाद्या वेळी नाचलेही असतीन. त्यायच्या मामाच्या गावी दंडार होतीच. एकदा मी विचारलं होतं, तर नुसते हसले."

"म्हणजे नाचले असतील?"

"नसतीनही."

स्टेजवरून दोघे भाऊ उतरून आले, शाल-श्रीफळ हातात. आई आणि ही मुलगी काहीतरी बोलत होत्या हे दोघांनीही वरून पाहिलं होतं. मनोहरराव तिला म्हणाले, "काय म्हणत होती आई? बाबाचं सांगितलं काय?"

रुपरावही थांबले. पहिल्यांदाच दोघं एकाच माणसाकडे पाहत होते, तिच्याकडे. अश्लेषाने भागीरथाबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या चपला शोधत होत्या, किंवा शोधत असल्यासारखं करत होत्या. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक झालं होतं ते सांगायचा हक्क तिचा नव्हता.

"लग्नाच्या आधीचं त्यांना माहीत नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "मामाच्या गावी दंडार होती, एवढं माहीत आहे म्हणे."

"तेच," मनोहरराव म्हणाले. "मामाच्या गावी. तिथंच नाचत."

"तिथंच वाजवत," रुपराव म्हणाले.

"त्याले सांग..." मनोहरराव आईकडे वळले आणि थांबले. आई चपला घालून पुढे निघाली होती; सांगायला मधे कोणीच नव्हतं. मग भावाकडे न पाहता म्हणाले, "मामाचं गाव कोणतं होतं? नाव आठवते काय?"

रुपरावांनी आठवून पाहिलं. "नाही. नदीच्या पलीकडचं होतं."

"मलेही आठवून नाही राहिलं."

दोघं आईच्या मागे दाराकडे चालू लागले, त्यांच्यामागे अश्लेषा. बाहेर मनोहररावांची गाडी उभी होती, तिच्या मागे रुपरावांची. भागीरथाबाई पहिल्या गाडीवरून पुढे गेल्या आणि दुसरीचं दार उघडून बसल्या. ते चुकून झालं की मुद्दाम, हे अश्लेषाला कळलं नाही. रुपरावांनाही कळलं नसावं, कारण ते किल्ली हातात घेऊन नुसतेच उभे होते. मनोहररावांचा चेहरा आधी उतरला. मग ते आपल्या गाडीत वाकले, आईची शाल काढली आणि दुसऱ्या गाडीच्या खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली. "संध्याकाळी थंडी पडते," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते स्पष्ट नव्हतं.

"पोचवून देतो उद्या," रुपराव म्हणाले.

गाड्या एकामागून एक फाटकातून बाहेर पडल्या आणि एकाच बाजूला वळल्या. दुर्गेश अर्धं लुगडं खांद्यावर टाकून धावत आला. तोंडाला अजून रंग होता. "काय झालं? खुश झाले का नाराज झाले? पुढच्या वर्षी देतीन काय?"

अश्लेषाने खूप विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि कामठीची बस पकडायला निघाली.